संगणकाचा पॉवर सप्लाय : घेण्यापूर्वीं चार शब्द

घरांत एखादी मोलाची वस्तु यावयाची असली, म्हणजे तिच्या दिसणाऱ्या भागाची चर्चा फार होते आणि न दिसणाऱ्या भागाची मुळींच होत नाहीं. शालू घेतांना पदर दहाजणी हातांत घेऊन पाहतात; उलटी बाजू पाहणारी एखादीच. तरुणांच्या खेळाचा संगणक ही हल्लीं अशीच एक मोलाची वस्तु होऊन बसली आहे. त्याविषयीं आम्हीं या सदरांत आजवर कांहीं लिहिलें नव्हतें. कारण खेळाचें यंत्र हा गृहव्यवस्थेचा विषय नव्हे, अशी आमचीही समजूत होती. गेल्या वैशाखांत सोलापुरास एका जुन्या स्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला आणि ती समजूत आम्हांस सोडावी लागली.

हे स्नेही निवृत्त मुख्याध्यापक. घर जुन्या वळणाचें. दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडें आणि गेल्या कार्तिकापर्यंत स्नेह्यांच्या नव्वदी ओलांडलेल्या मातोश्री, असा एकत्र संसार. थोरला नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. शिकवण्या करून त्यानें साठविलेले पैसे, आजोबांनीं दिलेले चाळीस हजार आणि काकांनीं घातलेली भर मिळून त्यानें एक लाख सत्तर हजारांचा संगणक स्वतः जुळविला. ३०० वॅट ओढणारें ग्राफिक्स कार्ड, उत्तम प्रोसेसर, काचेची पेटी, रंगीत दिवे, सर्व कांहीं त्यांत होतें. पैसे संपत आले तेव्हां एकच जिन्नस घ्यावयाचा राहिला होता. तो म्हणजे पॉवर सप्लाय, ज्यास दुकानांतून एसएमपीएस म्हणतात. दुकानदारानें "७५० वॅट" असें ठळक छापलेला एक डबा बावीसशें रुपयांत पुढें केला. आंकडा मोठा, किंमत लहान; मुलानें तो घेतला.

यंत्र केवळ खेळापुरतें राहिलें नाहीं. घरांत एक चांगलें यंत्र आलें म्हणजे सर्वांचींच कामें त्यावर येऊन पडतात. धाकट्या सूनबाईंनीं दिवाळीपूर्वीं आजेसासूबाईंना रोज दुपारीं शेजारीं बसवून त्यांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्याच आवाजांत उतरवून घेतल्या. अशा सव्वीस ओव्या झाल्या. त्या सर्व या एकाच यंत्राच्या डिस्कवर ठेविलेल्या होत्या. कार्तिकांत आजी गेल्या.

चैत्राच्या अखेरीस एके दिवशीं सायंकाळीं वळीव आला. दिवे तीनदां मिटले नि लागले. तिसऱ्या वेळीं संगणकाच्या पेटींतून फटाक्यासारखा आवाज झाला, जळका वास सुटला आणि सर्व अंधारलें. दुरुस्ती करणाराकडे पेटी नेली, तेव्हां पॉवर सप्लाय जळतां जळतां मदरबोर्ड आणि डिस्क या दोहोंस घेऊन गेला, असें निष्पन्न झालें. सव्वीसपैकीं नऊ ओव्या पुण्याच्या एका नातीस मागें पाठविल्या होत्या, तेवढ्या तिच्या फोनमध्यें सांपडल्या. सतरा गेल्या त्या गेल्याच.

आम्ही पोहोंचलों तेव्हां घरांत दोन पक्ष पडले होते. आजोबांचें म्हणणें, हें सर्व खेळाच्या नादाचें फळ. नातवाचें म्हणणें, "आजोबा, माझ्या यंत्रांत कांहीं खोट नव्हती, सोलापूरची वीजच वाईट." सूनबाई कोणासच कांहीं म्हणत नव्हत्या. आमच्यापुढें दोन्ही कैफियती आल्या. चार दिवस आम्हीं त्या घरांत वीज, पेटी आणि भिंतींतील तारा यांची जी चौकशी केली, तिचें सार येथें देतों. ज्यांच्या घरीं असें यंत्र यावयाचें आहे त्यांना तें उपयोगी पडेल.

प्रथम विजेविषयीं. सोलापूर हें विजेच्या दृष्टीनें कांहीं आडगांव नव्हे. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचें वीजजाळें उरलेल्या भारताच्या जाळ्याशीं एकतालांत चालूं लागलें. सबंध देशाचें एक जाळें झालें तें या सोलापुरास येणाऱ्या तारांनीं. शहराजवळ फताटेवाडी येथें एनटीपीसीचें औष्णिक केंद्र आहे. त्यांत ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. इतकी वीज ज्याच्या वेशीवर आहे त्या गांवांत एका घरचे दिवे मिचकावतात, याचें कारण बहुधा खांबापासून घरापर्यंतच्या शेवटच्या शंभर पावलांत असतें. एकाच डीपीवर घरें आणि मोटारी दोन्ही असलीं, तर मोटारी एकदम सुरू होतांच क्षणभर व्होल्टेज खालीं बसतें. यंत्रमागांच्या वस्तींत राहणाऱ्यांना हें नवें नाहीं. वळवाच्या वाऱ्यांत तारा एकमेकींस लागतात. आणि क्वचित् न्यूट्रलची तार सुटली, तर एखाद्या घरांत २३० व्होल्टच्या जागीं चारशेंच्या जवळपास व्होल्टेज येऊन बसतें. अर्थात् वीज वाईट या नातवाच्या म्हणण्यांत तथ्य होतें. परंतु वीज अशी आहे हें ठाऊक असतांनाच पॉवर सप्लाय निवडावयाचा असतो.

आतां हा पॉवर सप्लाय करतो काय तें पाहूं. भिंतींतून येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदास पन्नास हेलकावे खाणारी. संगणकाच्या अवयवांना हवी ती बहुतेक १२ व्होल्टची, एका दिशेनें वाहणारी आणि स्थिर. हें रूपांतर या डब्यांत होतें. चांगल्या डब्यांत येणारी वीज आधीं सुमारें ३८० ते ४०० व्होल्टवर एका मोठ्या कपॅसिटरमध्यें सांठविली जाते आणि तेथून १२ व्होल्टवर उतरविली जाते. हा कपॅसिटर म्हणजे घरचा हंडा समजा. नळ क्षणभर थांबला तरी हंड्यांतील पाण्यावर घर चालतें. विजेचा एक हेलकावा वीस मिलिसेकंदांचा. जुन्या मानकाप्रमाणें चांगल्या सप्लायनें पूर्ण भार असतांही सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरावा, आणि अलीकडच्या एटीएक्स ३.१ या मानकाप्रमाणें निदान बारा. स्वस्त डब्यांत वांचविला जातो तो हाच हंडा. त्याबरोबर भार, व्होल्टेज किंवा उष्णता मर्यादेबाहेर जातांच डबा आपण होऊन बंद करणारी रक्षक योजनाही कमी केली जाते. ती नसली, म्हणजे डबा मरतांना आंतील अवयवांना घेऊन मरतो. त्या सायंकाळीं झालें तें हेंच.

मग पारख कशी करावी? पहिली गोष्ट, छापील मोठा आंकडा वाचूं नये. बाजूच्या चिठ्ठीवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचावा. तेथें जितके अँपिअर लिहिले असतील त्यांस बारानें गुणावें. आम्हीं तो जळका डबा मागवून घेतला. त्यावर १२ व्होल्टसमोर ३० अँपिअर लिहिलेले होते. बारा त्रिक छत्तीस. म्हणजे ३६० वॅट. एकटें ग्राफिक्स कार्ड ३०० वॅटचें. "७५० वॅट" हा आंकडा कोठून आला तें छापणाराच जाणे. हा हिशेब नातवानें आमच्यासमोर केला आणि तो बराच वेळ गप्प बसला. चौथींतल्या मुलास येणारें गणित होतें; परंतु तें करावें असें त्यास कोणीं सांगितलेलें नव्हतें.

याच चिठ्ठीशेजारीं, डब्याच्या पाठीवर, ११५ आणि २३० असा तांबडा खटका दिसला, तर तो डबा जुन्या बांधणीचा समजावा. नव्या चांगल्या डब्यांत ॲक्टिव्ह पीएफसी नांवाची योजना असते. त्यामुळें १०० पासून २४० व्होल्टपर्यंत जें येईल तें तो घेतो आणि खटक्याची गरज राहत नाहीं. व्होल्टेज १८० वर उतरलें तरी असा सप्लाय कुरकुरत नाहीं. म्हणूनच संगणकास वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागत नाहीं. तांबडा खटका असलेल्या डब्यावर घरांतील एखाद्या लहानग्यानें तो ११५ कडे सरकविला, तर बटण दाबतांच डबा फुटतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट, किती वॅटचा घ्यावा. येथें दोन टोकांच्या चुका होतात. कोणी हिशेबाइतकाच घेतात, कोणी शेजाऱ्यानें हजाराचा घेतला म्हणून हजाराचा घेतात. हिशेब सोपा आहे. ग्राफिक्स कार्ड ३०० वॅट. प्रोसेसर १२० वॅटचा म्हणून विकला जाणारा असला, तरी जोरांत असतांना १६० च्या आसपास ओढतो. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क आणि पंखे मिळून साठ ते ऐशीं. बेरीज सुमारें ५४०. यावर कांहीं शिल्लक ठेवावयास हवी. कारण नव्या ग्राफिक्स कार्डांचा भार एका क्षणांत दुपटीच्या घरांत उसळतो आणि लगेच उतरतो. लग्नाच्या पंक्तींत एकदम पन्नास पाहुणे वाढावे, तसा हा प्रकार. २०२२ सालच्या एटीएक्स ३.० मानकानें या उसळीची दखल घेतली असून, सप्लायनें अत्यल्प काळ आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा, अशी अट त्यांत आहे. म्हणून एटीएक्स ३.० किंवा ३.१ असें लिहिलेला, ७५० ते ८५० वॅटचा सप्लाय अशा यंत्रास योग्य. २०२५ सालीं आलेलें एनव्हिडियाचें आरटीएक्स ५०९० हें कार्ड मात्र एकटेंच ५७५ वॅट ओढतें आणि त्यासाठीं कंपनी १००० वॅटचा सप्लाय सांगते. तेवढें कार्ड घरांत नसेल, तर तेवढा सप्लाय घेण्यांत अर्थ नाहीं.

तिसरी गोष्ट, पदकें. डब्यांवर ८० प्लस अशी मुद्रा असते आणि तिच्यापुढें ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम अशीं नांवें असतात. २००४ सालीं सुरू झालेल्या या योजनेंत डबा भिंतींतून घेतलेल्या विजेपैकीं किती संगणकास पोहोंचवितो आणि किती उष्णतेंत दवडतो, हें मोजलें जातें. ११५ व्होल्टच्या चाचणींत अर्ध्या भारावर साध्या मुद्रेस शंभरांत ऐशीं, ब्राँझला पंचाऐशीं आणि गोल्डला नव्वद गुण लागतात. आपण ४०० वॅटचा भार धरूं. गोल्ड डबा भिंतींतून सुमारें ४४५ वॅट घेईल, साधा ५०० घेईल. फरक पंचावन्न वॅटचा. रोज चार तास यंत्र चाललें तर वर्षांत ऐशीं युनिटें होतात. युनिटास दहा रुपये धरले तर आठशें रुपये. पांच वर्षांत चार हजार. डब्याच्या किमतींतील फरक विजेच्या बिलांत हळूहळू परत येतो तो असा.

परंतु पदक म्हणजे सर्वस्व नव्हे. ही चाचणी २३ अंशांच्या सुमारास, गार खोलींत होते. सोलापुरास वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो आणि काचेच्या पेटीच्या आंत त्याहून अधिक असतो. म्हणून किती अंशांवर पूर्ण वॅट देण्याची हमी आहे, हें पाहावें. चांगले कारखाने ४० किंवा ५० अंश असें स्पष्ट लिहितात. जे लिहीत नाहींत त्यांच्याकडे संशयानेंच पाहावें. आंतील कपॅसिटर १०५ अंशांच्या प्रतीचे असावेत, ८५ च्या नव्हे. साधारण नियम असा आहे कीं दहा अंश उष्णता कमी झाली कीं कपॅसिटरचें आयुष्य दुप्पट होतें. उलट दहा अंश वाढली कीं तें निम्मे होतें. महाबळेश्वरीं जो डबा दहा वर्षें टिकेल तो सोलापुरास तितका टिकेलच असें नाहीं, याचें कारण हें.

चौथी गोष्ट, हमीचा काळ. ज्या कारखान्यास आपल्या मालाची खात्री आहे तो सात किंवा दहा वर्षांची हमी देतो. बावीसशांच्या डब्यावर एका वर्षाची होती. नामांकित कंपनीचें नांव पाहून डोळे मिटूं नयेत. एकाच नांवाखालीं उत्तम, मध्यम आणि सामान्य अशा निरनिराळ्या मालिका असतात आणि कित्येक कंपन्या आपला माल दुसऱ्याच कारखान्यांत करवून घेतात. म्हणून कंपनीच्या नांवापुढें मालिकेचें नांव विचारावें आणि त्या मालिकेची स्वतंत्र चाचणी झाली आहे कीं नाहीं तें पाहावें. सायबेनेटिक्स ही संस्थाही अशा चाचण्या करते आणि डब्याच्या आवाजासही श्रेणी देते. अभ्यासाच्या खोलींत यंत्र ठेवावयाचें असेल तर ही श्रेणी उपयोगी पडते. ८५० वॅटचा गोल्ड सप्लाय सध्यां साधारणतः आठ ते चौदा हजार रुपयांस मिळतो. पावणेदोन लाखांच्या यंत्रांत तो पंधरावा-विसावा हिस्सा झाला. रंगीत दिवे आणि काच यांवर त्याहून फारसें कमी गेलें नव्हतें, असें नातवानेंच मागाहून कबूल केलें.

जोडणीविषयीं दोन सूचना. जुन्या सप्लायच्या सुट्या केबली नव्यास कधींही लावूं नयेत. टोकें सारखीं दिसतात, बसतातही. परंतु आंतील तारांचा क्रम निराळा असूं शकतो आणि बटण दाबतांच डिस्क जळते. आणि नव्या कार्डांस लागणारें सोळा पिनांचें टोक शेवटपर्यंत बसवावें. २०२२ च्या अखेरीस अशीं टोकें वितळल्याच्या तक्रारी जगभर आल्या, तेव्हां टोक अपुरें बसणें हें त्याचें एक मोठें कारण आढळलें. पुढें २०२३ सालीं १२व्ही-२x६ या नांवानें टोकाची सुधारलेली घडण आली. घेतांना तीच आहे ना, हें विचारावें.

येथपर्यंत दोष नातवाकडे. आतां दुसरी बाजू. तिसऱ्या दिवशीं आम्ही माजघरांत बोलत बसलों असतां सहा वर्षांची धाकटी नात मध्येंच म्हणाली, "दादाची पेटी चावायची. मीं सांगितलें होतें." तिनें खरेंच सांगितलें होतें, पौषांत दोनदां, आणि मग पुन्हां. अभ्यास टाळण्याची सबब म्हणून सर्वांनीं तें हंसण्यावारी नेलें होतें. आम्हीं लगेच वायरमनास बोलावणें पाठविलें. त्यानें सॉकेट उघडलें. तीन भोकांपैकीं वरच्या मोठ्या भोकामागें तारच नव्हती. घरांतील एकाही सॉकेटास अर्थिंग नव्हतें.

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. पॉवर सप्लायच्या आंत विजेंतील गोंगाट गाळण्यासाठीं लहान कपॅसिटर असतात आणि त्यांचें एक टोक पेटीच्या धातूस जोडलेलें असतें. अर्थिंग ठीक असेल तर तो थोडासा प्रवाह जमिनींत जातो. नसेल तर धातूवर निम्में व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या सुमारें, उभें राहतें. आणि अनवाणी मुलानें हात लावला कीं झिणझिण्या येतात. प्रवाह अत्यल्प, म्हणून तेवढ्यावर निभावतें. परंतु आंतील एखादी तार सुटून फेज थेट पेटीस लागली, तर फ्यूज उडावयास वाटच राहत नाहीं. ती पेटी पहिल्या स्पर्शाची वाट पाहत बसते. उत्तमांतला उत्तम सप्लायही अशा घरांत निर्धोक नाहीं. पेटी चावते असें मूल म्हणालें तर तें यंत्र त्याच क्षणीं बंद करावें, पिन काढावी आणि वायरमनास बोलवावें. मुलाची परीक्षा मागाहून घ्यावी.

वायरमन गेल्यावर आमचे स्नेही बराच वेळ बोलले नाहींत. मग नातवास जवळ बोलावून ते म्हणाले, "अरे, या घराचें वायरिंग मींच करून घेतलें. अर्थिंगचा खड्डा आणि तिसरी तार यांचा खर्च त्या वेळीं मला जास्त वाटला. न दिसणाऱ्या वस्तूवर पैसे कशाला, असें मीं त्या माणसास म्हटल्याचें मला आठवतें. तूं बावीसशांचा डबा घेतलास, तो माझाच नातू म्हणून." नातू म्हणाला, "आजोबा, मग दोघांचेंही चुकलें." त्या दिवसापासून घरांतील दोन पक्ष संपले.

दुसऱ्याच दिवशीं अंगणांत खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग बसविलें. मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचें आरसीसीबी आणि व्होल्टेज मर्यादेबाहेर जातांच घरची वीज तोडणारें उपकरण लावलें. न्यूट्रल सुटण्याचें संकट या दुसऱ्या उपकरणानें टळतें; आणि अंगांतून थोडाही प्रवाह जमिनीकडे जाऊं लागला तर आरसीसीबी निमिषांत वीज तोडतें. सर्व मिळून खर्च नव्या पॉवर सप्लायइतकाच आला. लाभ मात्र फ्रिज, धुलाईचें यंत्र, पाण्याचा पंप, सर्वांसच झाला.

यूपीएसविषयीं एकच महत्त्वाची गोष्ट सांगतों. त्यावर लिहिलेले व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. ६०० व्हीएचा लहान यूपीएस पुष्कळदां ३६० वॅटच देतो; ५४० वॅटच्या यंत्रास तो लावला तर वीज जातांच तोही बसतो. वॅटचा आंकडा यंत्राच्या खऱ्या भाराहून अधिक असावा, आणि लहरीचा आकार शुद्ध, म्हणजे प्युअर साइन वेव्ह, असावा. ॲक्टिव्ह पीएफसीच्या सप्लायचें चौकोनी लहरीशीं नेहमींच जमतें असें नाहीं. घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र चालवावयाचें असेल तर तोही प्युअर साइन वेव्हचा असावा, त्याचा खटका यूपीएसकडे ठेवावा आणि त्यासही हाच हिशेब लावावा. यूपीएस हा खेळ पुढें चालू ठेवण्यासाठीं नसून काम जपून बंद करण्यासाठीं आहे, हें मुलांस आधींच सांगून ठेवावें. आणि वळीव गडगडूं लागला तर कशावरही विसंबूं नये. पिन ओढून ठेवावी. जवळ पडलेल्या विजेपुढें कोणाचीच हमी चालत नाहीं.

निगा थोडीच लागते. सोलापुरासारख्या चादरींच्या आणि टॉवेलांच्या गांवांत हवेंत धुळीबरोबर सुताची बारीक लव असते. ती सप्लायच्या जाळीवर नमद्यासारखी बसते. दोन महिन्यांनीं जाळी काढून झाडावी. यंत्र बंद कपाटांत ठेवूं नये, जमिनीपासून वितभर उंच ठेवावें. डबा मात्र घरीं कधींही उघडूं नये. पिन काढल्यावरही त्या हंड्यांत जीवघेणी वीज कांहीं काळ उरते.

आणि शेवटचें. कोणताही सप्लाय घेतला तरी जें पुन्हां मिळणार नाहीं तें एकाच डिस्कवर ठेवूं नये. सूनबाईंनीं उरलेल्या नऊ ओव्यांच्या आतां तीन प्रती केल्या आहेत. एक घरीं, एक पुण्यास, एक बँकेच्या लॉकरमध्यें. ज्या सतरा गेल्या त्यांपैकीं कांहींचे शब्द थोरल्या सूनबाईंना आठवतात. रात्रीं जेवणें उरकल्यावर दोघी जावा ते आठवून वहींत लिहीत बसतात. आवाज मिळत नाहीं, शब्द मिळतात.

नातवाचें यंत्र आतां पुन्हां चालू झालें आहे. सप्लाय ८५० वॅटचा आणि दहा वर्षांच्या हमीचा आहे. पेटी साधी, पत्र्याची. आम्ही निघालों त्या सकाळीं आमचे स्नेही स्नान करून अंगणांत आले, तुळशीस पाणी घातलें आणि उरलेला तांब्या घेऊन कोपऱ्यांतील अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेले. उन्हाळ्यांत माती कोरडी पडली कीं अर्थिंग निकामी होतें, असें वायरमनानें सांगितलें होतें. धाकटी नात मागोमाग गेली आणि तांब्या पूर्ण रिकामा झाला कीं नाहीं तें वांकून पाहूं लागली.